ओटीतला उतारा

फोन उचलला की जगातली सगळी माणसं 'हॅलो' म्हणतात. आमचे सर 'चालतंय का?' म्हणायचे. पलीकडे गिऱ्हाईक असो, नातेवाईक असो नाहीतर राँग नंबर असो. एकदा सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, वडिलांना दवाखान्यातून घरी आणल्याचा फोन आला, तेव्हाही सरांनी उभ्याउभ्या 'चालतंय का?' असंच विचारलं. मेव्हणा बिचारा म्हणाला, 'हो, काठी घेऊन चालतायत थोडे.' ही गोष्ट काकूंनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल आणि दहाही वेळा पदर तोंडाला लावून हसल्या असतील.

उभ्याउभ्या म्हटलं ते खरंच. सर फोनवर कधी बसून बोलले नाहीत. फोनपाशी खुर्ची होती, तिच्यावर टेलिफोन डिरेक्टरी बसलेली असे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावर एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर सरांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत ते प्रोग्राम लिहीत आणि आतल्या खोलीत काकू पापड लाटत. मी बीएस्सी झालेले, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, सर्टिफिकेटला सोनेरी कडा होती. त्या कडेकडे बघून मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. सरांनी सर्टिफिकेट उलटं करून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, 'कागद चांगला आहे. उद्यापासून ये.'

त्याआधी पंधरा वर्षं ते तिथल्याच एका केमिकलच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळत होते. नोकरी सोडली तरी नाक तिथलंच राहिलं. सकाळी दारात उभं राहून हवा हुंगायचे आणि दुसरे लोक ढगांकडे बघून सांगतात तसं सांगायचे, 'आज अमोनिया. वारा मानपाड्याकडून आहे. अगं, वाळवण आत घे.' काकू निमूटपणे पापड आत आणायच्या आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पसरायच्या. तो चालू असला की चांगला गरम होत असे.

हा आतला कॉम्प्युटर म्हणजे एक प्रकरणच होतं. कुठल्याशा ऑफिसानं मोडीत काढलेला, हिरव्या पडद्याचा, कीबोर्डवरचा 'ई' दोनदा ठोकल्याशिवाय उमटत नसे. बाहेरच्या खोलीतल्या धडधाकट कॉम्प्युटरला सर 'माहेर' म्हणत आणि आतल्या या खोकडाला 'सासर'. प्रोग्राम माहेरी लिहायचा, मग फ्लॉपीवर घालून सासरी न्यायचा. तिथे चालला तरच तो गिऱ्हाइकाकडे जाणार.

'माहेरी काय, सगळं हाताशी असतं,' ते म्हणत. 'तिथे चालला याचं कौतुक नाही. परीक्षा सासरी.'

मला या बोलण्याचा भयंकर राग यायचा. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, उठता-बसता सासर हा शब्द कानावर पडायचा. आणि इथे येऊनही तेच! एकदा मी विचारलंच, 'सर, प्रोग्राम म्हणजे मुलगीच का? मुलगा का नाही?'

सरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, 'जो घर सोडून परक्याकडे जातो त्याची काळजी. मुलगे असे जायला लागले की मी तसं म्हणेन.'

मी कपाळाला हात लावला आणि फ्लॉपी घेऊन सासरी गेले.

*

सरांचा सगळा जीव ज्या प्रोग्राममध्ये होता त्याचं नाव 'उतारा'. एखादं रसायन अंगावर उडालं, डोळ्यांत गेलं, पोटात गेलं, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते मराठीत सांगणारा प्रोग्राम. रसायनाचं नाव टाइप करायचं, खाली उतारा येणार. कारखान्यांत वापरली जाणारी शेकड्यांनी रसायनं सरांनी पुस्तकांतून गोळा केली, दोन डॉक्टरांकडून एकेक ओळ तपासून घेतली. पडद्यावर मराठी दिसावं म्हणून आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून अक्षरं काढली. नुसत्या 'ळ'साठी तीन दिवस घालवले. काही माणसं नाव ऐकून सातबाराचा उतारा मिळतो असं समजून विचारायला यायची. सर त्यांना चहा पाजून परत पाठवत.

हा प्रोग्राम कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी लाईट गेलेली. दोन्ही कॉम्प्युटर गप्प. काकूंनी हातपंख्यानं वारा घेता घेता म्हटलं, 'सांगा की तिला एकदा. कळू दे तरी कशापायी चाललंय.'

सर भिंतीकडे बघत म्हणाले, 'आमच्याकडे एका ऑपरेटरच्या हातावर ॲसिड उडालं. दिसायला काहीच नाही, साधं पाणी उडाल्यासारखं. आम्ही हात धुतला. पण त्याचं ओरडणं थांबेना. त्यावर काय करायचं ते एका पुस्तकात होतं. पुस्तक साहेबांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. साहेब पुण्याला.'

'मग?'

'मग मी किल्ली शोधत बसलो. वीस मिनिटं. वॉचमनकडे विचारलं, अकाउंट्समध्ये विचारलं. काचेचं कपाट गं! समोर पुस्तक दिसत होतं. काच फोडायची अक्कल वीस मिनिटांनी आली.' मग म्हणाले, 'तीन बोटं गेली त्याची. माहिती होती. फक्त ती वेगळीकडे ठेवलेली होती.'

लाईट आली, सासरचा पंखा घरघरला आणि सर उठून कामाला लागले. मी मात्र त्या दिवसापासून 'उतारा'बद्दल चेष्टा करणं बंद केलं. चेष्टा बंद केली म्हणजे अक्कल आली असं मात्र नाही.

*

पहिली माती मी खाल्ली ती एका कारखान्यात, प्रोग्राम दाखवताना. समोर सेफ्टी ऑफिसर, दोन सुपरवायझर आणि कॉम्प्युटर कसा असतो ते बघायला आलेले चार कामगार. मी ऐटीत फ्लॉपी घातली, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर ओळ आली: माहितीची फाईल सापडत नाही. प्रोग्राम होता, त्याची माहिती मात्र वेगळ्या फायलीत होती आणि ती माहेरीच राहिलेली. फ्लॉपीवर घालायला मी विसरलेले. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, 'मॅडम, ॲसिड उडाल्यावर पण असंच सांगणार का?'

परत आल्यावर सर रागावले नाहीत. त्यांनी काकूंना हाक मारली आणि विचारलं, 'तुझ्या लग्नातल्या रुखवताचं काय झालं होतं गं?'

'इश्श! आता काय त्याचं?' काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. 'साखरेचं तुळशीवृंदावन आणि विणलेली तोरणं मांडवातच राहिली. गाडी सुटायची घाई झाली ना.'

'आणि ओटी?'

'ओटी कशी राहील? ती पदरात होती.'

'ऐकलंस?' सर माझ्याकडे वळले. 'रुखवत मांडून ठेवतात, लोक बघतात, निघताना निम्मं विसरतात. ओटी विसरता येत नाही. तांदूळ, नारळ, खण, सगळं पदरात घेऊन पदर खोचलेला असतो. आपल्याला रुखवत नको. ओटी भरायची.'

म्हणजे असं की, माहिती वेगळ्या फायलीत ठेवायचीच नाही. प्रोग्रामच्या फायलीच्याच शेपटाला ती जोडायची आणि अगदी शेवटी गाठ मारायची. गाठ म्हणजे एक छोटी खूण आणि माहिती कुठून सुरू होते तो आकडा. प्रोग्राम सुरू झाला की त्यानं स्वतःचीच फाईल उघडायची, थेट शेवटाला जायचं, गाठ चाचपायची आणि तिथून मागे मोजत जाऊन हवा तो उतारा वाचायचा. कोणी कुठेही कॉपी करून नेवो, एकच फाईल. ती गेली की तिच्याबरोबर सगळं गेलं. सरांनी काढलेला 'ळ'सुद्धा त्या ओटीतच.

मी माझी हुशारी दाखवली. 'सर, सुरू झाल्या झाल्या सगळं बाहेर काढून डिस्कवर मांडून ठेवूया की. मग वाचायला सोपं.'

'ओटी वाटेत सोडतात का?' सर म्हणाले. 'परक्या घरात पसारा घालायचा नाही. पदरात हात घाल, हवं तेवढं चिमूटभर काढ, वाच, झालं.'

मग नावाचा मुद्दा आला. स्वतःची फाईल उघडायची तर स्वतःचं नाव माहीत हवं.

'माहीत आहे की. उतारा,' मी म्हटलं.

'ते आपण ठेवलेलं. सासरी तेच ठेवतील कशावरून? नवरामुलगा तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितो, बघितलं असशील. इथे तर कोण काय लिहील नेम नाही. म्हणून प्रोग्रामनं आधी डॉसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या कारभाऱ्याला, विचारायचं, आज मला कोणत्या नावानं हाक मारली? जे उत्तर येईल त्या नावानं स्वतःला उघडायचं. माहेरचं नाव धरून बसली तर दारातच उभी राहील.'

याच कारणानं सर फ्लॉपीच्या लेबलवर प्रोग्रामचं नाव कायम पेन्सिलीनं लिहीत. बाकी सगळं शाईच्या पेननं. कोणी विचारलं तर म्हणत, 'नाव काय, बदलतात.' आणि त्यांची एक वही होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या परीक्षा त्यात लिहिलेल्या असत: सासरी चालला का, दुसऱ्या डिस्कवर चालला का, नाव बदलून चालला का. मी 'हो' म्हटलं की सर प्रत्येक ओळीपुढे शाईनं बरोबरची खूण करत. स्वतः तपासायला कधी उठत नसत. माझा 'हो' त्यांना पुरत असे.

आणि तिथेच मी दगा दिला.

*

शनिवारी सहा फ्लॉप्या जायच्या होत्या. पाच कारखाने आणि एक मानपाडा रस्त्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना. तिथेच आसपासचे कामगार भाजले-बिजले की पहिले नेले जात. रविवारी मला बघायला ठाण्याचे लोक येणार होते आणि शनिवारी दुपारी आईनं टेलरकडे ब्लाउज आणायला बोलावलेलं. इकडे डॉसला विचारलेलं नाव काही सरळ येईना. आधी दोन भलतीच अक्षरं उमटत आणि मग नाव. घड्याळात अडीच वाजलेले. मी म्हटलं, जाऊ दे मरू दे, नंतर बघू. आणि सरळ प्रोग्राममध्ये 'उतारा' हेच नाव ठोकून दिलं. सासरी चालवून बघितलं. झकास चाललं. चालणारच, नाव तेच होतं ना!

सर वही उघडून, पेनाचं टोपण काढून उभे. 'सासरी चालला?'

'हो.'

'दुसऱ्या डिस्कवर?'

'हो.'

'नाव बदलून बघितलंस?'

'हो,' मी म्हटलं आणि चप्पल पायात सरकवली.

रविवारी सकाळी दहाला पाहुणे आले, कारण संध्याकाळी राहुकाळ. मी रेशमी साडी नेसून पोह्यांच्या बशा दिल्या. मुलगा बरा दिसत होता, पोहे सांडत होता. मुलाची आई बोलायला गोड होती. शिक्षण झालं, स्वयंपाक झाला, मग त्या म्हणाल्या, 'आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात हो. पत्रिकेवरून अक्षर काढतो. नाव बदललं तर चालेल ना?'

नाव बदललं तर चालेल ना. माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

'नाही चालणार,' मी म्हटलं. 'नाव बदललं तर चालणारच नाही! सहाच्या सहा!'

बाबांना ठसका लागला. आई म्हणाली, 'अगं, काय बोलतेस?' मुलाची आई बघतच राहिली. मी बशी टीपॉयवर ठेवली, 'मला जायला हवं,' म्हटलं आणि खरंच गेले. रेशमी साडीत, केसांत गजरा, रिक्षा करून थेट सरांच्या दारात.

सर दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण. मी एका दमात सगळं सांगितलं. नाव ठोकून दिल्याचं, आणि विचारल्यावर खोटं 'हो' म्हटल्याचंही. वाटलं आता ओरडतील. त्यांनी तोंड पुसलं, वही काढली, शनिवारचं पान उघडलं आणि माझ्या खोट्या 'हो'पुढची ती निळी खूण बघत राहिले.

'शाई पुसत नाही गं,' एवढंच म्हणाले. मग, 'बस. दुरुस्त कर.'

तासाभरात सापडलं. नावाच्या आधी दोन जागा सोडायच्या असतात, त्या मी सोडल्या नव्हत्या. एवढंच! तासाभराचा प्रश्न. आणि मी ब्लाउजपायी... जाऊ दे. सासरी नेऊन आम्ही नावं बदलून बदलून चालवलं. 'कांदा' म्हणून चाललं, 'बटाटा' म्हणून चाललं. काकू म्हणाल्या, 'थांब, मी घालते एक.' त्यांनी एकेक अक्षर शोधत आपलं माहेरचं नाव टाइप केलं. त्या नावानंही चाललं. काकू पडद्याकडे बघत क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. सरांनी ते बघितलं आणि नव्या फ्लॉप्या डब्यात भरल्या.

मानपाड्याच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवार असला तरी गेट उघडी होती. सरांच्या स्कूटरवर मागे मी, रेशमी साडी सावरत, मांडीवर फ्लॉप्यांचा स्टीलचा डबा. वाटेतल्या ट्रकवाल्यांना आम्ही लग्नातून पळून चाललोय असं वाटलं असणार. पाच ठिकाणी जुनी फ्लॉपी काढून नवी घातली. कुठेच अजून कोणी नाव बदललेलं नव्हतं. मला जरा जीव आल्यासारखं झालं.

सहावं ठिकाण दवाखाना. दारात कंपाउंडर बसलेला, खाडीकाठच्या गावातला पन्नाशीचा माणूस.

'चालतंय का?' सरांनी विचारलं.

'नाय ना,' तो म्हणाला. 'काल तुमी बोललात ना, नवी सून आणलीय, नीट सांभाळा. म्हणून मी तिला नाव पण दिलं नवीन. पण काय बोलतच नाय ती. मी म्हटलं, नवी हाय, रुळंल हलू हलू.'

मला रडूच कोसळलं. सर म्हणाले, 'केबिन उघडा. दुसरी घालतो.'

'केबिनला कुलूप हाय. डॉक्टर गावाला. किल्ली त्यांच्याकडंच. मंगळवारी सकाळी येतील.'

सर केबिनच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. दाराला वरच्या बाजूला काच होती. काचेतून टेबलावरचा कॉम्प्युटर दिसत होता. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. त्यांनी हात काचेवर टेकला आणि तसेच राहिले, बराच वेळ. मी मनात म्हणत होते, यांना आता ते कपाट दिसतंय. आणि ते माझ्यामुळे दिसतंय.

शेवटी त्यांनी नवी फ्लॉपी कंपाउंडरच्या हातात दिली. 'मंगळवारी कुलूप निघालं की पेशंटच्या आधी ही घाला. जुनी पुसून टाका. विसरू नका.'

'नाय विसरनार,' तो म्हणाला.

परतताना स्कूटर थांबवून सर म्हणाले, 'खरं सांगायला आलीस, हे बरं केलंस. पण इथून पुढे तुझ्या "हो"पुढे मी पेन्सिलीनं खूण करणार. राग मानू नकोस.' मी राग कसला मानणार? मान खाली घालून बसले. तीच शिक्षा मला सगळ्यांत जास्त लागली.

*

मंगळवारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. सरांनी उचलला. 'चालतंय का?'

मग ते ऐकत राहिले. मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होते. 'कधी?' ते म्हणाले. मग, 'हात? कोणता?' मग पुन्हा नुसतं ऐकणं. काकू लाटणं हातात घेऊन दारात आल्या. मी देवाला नवस बोलले, कुठल्या देवाला ते आठवत नाही, बहुतेक सगळ्यांनाच.

'कोणत्या नावानं?' सरांनी विचारलं.

आणि मग डिरेक्टरी खुर्चीवरून खाली ठेवून सर खुर्चीत बसले. फोनवर बसून बोलणारे सर मी पहिल्यांदा बघत होते. बसले आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले.

घडलं होतं ते असं. काचेवर नक्षी काढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात एकाच्या हातावर ॲसिड उडालं. तेच, सरांच्या ऑपरेटरच्या हातावर उडालं होतं ते. दिसायला काही नाही आणि माणूस तळमळतोय. डॉक्टर सकाळीच गावाहून आलेले, कंपाउंडरनं कुलूप निघाल्या निघाल्या नवी फ्लॉपी घातलेली आणि तिलाही आपलं तेच नाव दिलेलं. डॉक्टरांनी ॲसिडचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: पाण्याखाली धरा आणि लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळा. जेल नसेल तर त्याचं इंजेक्शन जेलीत कालवून चोळत राहा. इंजेक्शनं त्यांच्या कपाटात होती. चोळून वेदना उतरल्या, पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात रवाना केलं आणि मगच डॉक्टरांनी फोन केला.

'कोणत्या नावानं चाललं म्हणाले?' मी विचारलं.

'एस-यू-एन,' सर म्हणाले. 'डॉक्टर म्हणतायत, कंपाउंडरनं सूर्याचं नाव दिलंय, छान आहे. अगं, सूर्य कसला! सून! सून ठेवलंय त्यानं!'

काकू हसल्या, सर हसले आणि मी हमसून हमसून रडले. काकूंनी पिठाच्या हातानं मला जवळ घेतलं. रेशमी साडी बचावली होती, पण रोजच्या ड्रेसवर त्या पिठाचे हात उमटले.

महिन्याभरानं तो हात भाजलेला कामगार स्वतः आला. कोपरच्या बाजूच्या कोळीवाड्यातला. आधी खाडीत जाळं टाकायचा, मग नोकरीला लागलेला. 'खाडीत मासा र्‍हायला नाय, म्हनून कंपनीत गेलो,' म्हणाला. हातावर गुलाबी नवी कातडी. त्यानं सरांसमोर एकेक बोट मिटून उघडून दाखवलं. पाचही. सर ती बोटं मोजत होते, मला दिसत होतं, ओठ हलत होते. मग त्यानं पिशवीतून हातभर जिताडा काढला. 'अजून एखादा घावतो कवातरी. तुमच्यासाठी ठेवला.'

सरांचं घर कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारं. सरांनी दोन्ही हात पुढे करून, प्रसाद घ्यावा तसा तो मासा घेतला. 'फार चांगला आहे,' म्हणाले. तो गेल्यावर मासा धरून तसेच उभे. काकू आतून ओरडल्या, 'माझ्या ओट्यावर नाही हं!' सरांनी माझ्याकडे बघितलं.

'आमच्याकडे चालतं,' मी म्हटलं.

*

ठाण्याच्या लोकांचा होकार आला, यावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास बसेना. मुलाची आई म्हणे, 'मुलगी सरळ तोंडावर बोलते, मनात ठेवत नाही. आणि सहाच्या सहा म्हणजे आमच्या पाची बहिणींचा आणि माझा इतिहास तिला कोणी सांगितला कोण जाणे. आमची सगळ्यांची नावं बदलली होती.' मी काही खुलासा केला नाही. नवऱ्याला पुढे खरं सांगितलं, तर पोहे सांडले तसाच हसत सुटला. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यानं अंगठीनं नाव लिहिलं ते माझंच, आईवडिलांनी ठेवलेलं. भटजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

लग्नाआधी शेवटच्या दिवशी कामावर गेले, तेव्हा वहीत माझ्या 'हो'पुढे अजून पेन्सिलच चालू होती. त्या दिवशीही सरांनी तीन परीक्षा विचारल्या, मी तीनदा 'हो' म्हटलं, त्यांनी तीन खुणा केल्या. मी बघितलं नाही. बघवत नव्हतं.

निघताना काकूंनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. सर दारात घुटमळत होते. मग पुढे आले आणि एक फ्लॉपी काकूंच्या हातात दिली.

'हे काय मेलं प्लास्टिक ओटीत?' काकू म्हणाल्या.

'घाल गं. तिनंच लिहिलेला आहे.'

काकूंनी घातली. मी पदर खोचला, दोघांना नमस्कार केला. सर म्हणाले, 'चालतंय का ते कळवत जा.'

घरी येऊन पदर सोडला. तांदळातून फ्लॉपी काढली, पुसली आणि लेबल वाचलं. प्रोग्रामचं नाव नेहमीसारखं पेन्सिलीनं होतं. त्याखाली सरांनी एक नवी ओळ घातलेली: लिहिणारी. तिच्यापुढे माझं नाव, आडनावासकट, माहेरचं. मी बोट ओलं करून त्यावर फिरवून बघितलं. निळं बोट झालं.

शाई होती.